स्वस्त औषधाचा एम.आर.

विंचवाच्या दंशावर प्राझोसिन द्या, असं सांगायला आलेला एम.आर., म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, मी आजवर पाहिलेला नाही. घोणस चावलेल्या माणसाचं रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं थांबा, हे सांगायलाही कुणी येत नाही. आणि पेशंटच्या गोळ्यांतल्या चार बंद करा, हे तर कोण सांगणार? त्यात विकायचं काय?

येतात ते दुसरंच काही घेऊन. कोल्हापूरच्या शाहूपुरीत माझं छोटं हॉस्पिटल आहे. दुपारी ओपीडी ओसरत आली की बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेच्या शेवटी टाय लावलेली, काळी बॅग मांडीवर घेतलेली पोरं दिसायला लागतात. मार्च २०२५ मध्ये मधुमेहावरच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, तेव्हा तर बाक पुरेना. औषध एकच, नावं डझनावारी, आणि प्रत्येकाच्या हातात तोच आलेख, फक्त रंग वेगळे. मला या पोरांचा राग येत नाही. ऊन असो की पंचगंगेला पूर असो, टार्गेटसाठी बिचारे गारगोटी-आजऱ्यापर्यंत मोटारसायकल दामटतात. कुठलं औषध स्वस्त झालं हे मला बऱ्याचदा त्यांच्याकडूनच कळतं. खटकतं ते एवढंच, की ज्यात कुणाला नफा नाही त्याची बाजू मांडायला या बाकावर कुणी बसत नाही.

हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते एका सीएमईच्या जेवणात. सीएमई म्हणजे आम्हा डॉक्टरांची शिकवणी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी टिकवायची तर पाच वर्षांत तीस क्रेडिट पॉइंट गोळा करावे लागतात, त्यामुळे सगळे येतात. काही शिकायला, काही सही ठोकायला, काही नुसते जेवायला. रविवारची सकाळ, हॉटेलचा थंडगार हॉल, मागं कंपनीचा फलक, पुढं पुण्याचा नाहीतर मुंबईचा वक्ता. त्या दिवशीचा विषय होता मधुमेह आणि हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडणं, यांवरची नवी औषधं. वक्ता चांगला होता, उगाच फुगवून बोलत नव्हता. हार्ट फेल्युअरच्या उपचाराचे चार खांब त्यानं नीट उभे केले आणि चारही औषधं शक्य तितक्या लवकर सुरू करा म्हणाला. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “आणि बीपी वरचंच नव्वद असलं तर?” हॉलमध्ये हशा पिकला. ही औषधं बीपी आणखी उतरवतात, आणि आमच्या तालुक्यांच्या ठिकाणचे निम्मे पेशंट त्या प्रश्नात बसतात, म्हणून हसले सगळे. उत्तर मिळेपर्यंत वेळ संपली होती.

खरी चर्चा नेहमीप्रमाणं ताटावर झाली. आमचं एक कोपऱ्यातलं टेबल ठरलेलं असतं. एक सर, ज्यांच्या हाताखाली आमच्यातले बरेचजण वॉर्डात राबले आणि बोलणी खाऊन शिकले. एक तरुण हृदयरोगतज्ज्ञ, हुशार आणि तोंडाळ, जो पेशंटला तेल-तूप वर्ज्य सांगतो आणि स्वतः तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी मागतो. आणि गडहिंग्लजकडं एकहाती हॉस्पिटल चालवणाऱ्या मॅडम. त्या दिवशी मॅडमनीच सुरुवात केली.

“मला काचेच्या नळ्या मिळंनात.”

आम्हाला आधी कळलंच नाही. मग त्या सांगत गेल्या. त्यांच्याकडं पावसाळ्यात आणि ऊसतोडीच्या हंगामात सर्पदंशाचे पेशंट सतत येतात. फडात घोणस असते. तिचं विष रक्तातले गोठणारे घटक संपवून टाकतं, मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचली तिथून रक्त येत राहतं, आणि पुढं किडनी बसते. विष किती चढलंय हे ओळखायची कसोटी अगदी गावठी म्हणावी अशी आहे. शिरेतून दोन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घालायचं आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. हलवायची नाही, बघायला उचलायची नाही. वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. गोळा झाला असेल तर रक्त गोठतंय. पाण्यासारखं वाहिलं तर प्रतिविषाच्या कुप्या फोडायला घ्यायच्या. दर सहा तासांनी पुन्हा तेच.

सगळी मेख त्या काचेत आहे. काचेचा स्पर्श झाला की रक्त गोठायची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकमध्ये ती तशी होत नाही, आणि साबणानं धुतलेल्या काचेवरही भरवसा ठेवता येत नाही. बरं-वाईट दोन्ही चुकीचं दिसू शकतं. आणि आता लॅबच्या सामानात काच उरलीय कुठं? रंगीत बुचांच्या प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या. त्या चांगल्याच आहेत, फुटत नाहीत, सांडत नाहीत. पण ही एक कसोटी मात्र त्यांनी पोरकी केली. मॅडमनी शेवटी शाळांना प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून परीक्षानळ्यांचं खोकं उचललं होतं.

“आयएनआर करा की,” हृदयरोगतज्ज्ञ म्हणाला. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी लॅबची तपासणी.

“रात्री दोनला टेक्निशियन तुझ्या घरनं आणू काय? नळी तिरकी करायला मला कोण लागत नाही.”

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये राष्ट्रीय आराखडा काढला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. आराखड्यात बरंच काही चांगलं आहे. पण गडहिंग्लजला तो आराखडा पोचतो तेव्हा तो एका काचेच्या नळीच्या रूपात पोचायला हवा, आणि ती नळी बनवणाऱ्याला त्यात चार पैसे सुटत नाहीत.

सर इतका वेळ भाकरी मोडत होते. ते म्हणाले, “अरे, बावस्करांचं काय झालं आठवा.”

डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव महाराष्ट्रातल्या कुठल्याही फिजिशियनला सांगावं लागत नाही. महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी कोकणातल्या लाल विंचवाचे पेशंट डोळ्यांदेखत मरताना पाहिले. दंश झालेला माणूस आधी घामानं निथळतो, हातपाय गार पडतात, मग छातीत पाणी होतं आणि जातो. विषामुळं शरीरात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचं वादळ उठतं आणि हृदय त्याखाली दबतं, हे त्यांनी रात्र-रात्र पेशंटच्या उशाशी बसून टिपलं. मग विचार केला की या वादळाला अडवणारी गोळी तर बाजारात आहेच, रक्तदाबाची. ती प्राझोसिन. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. पुढं विंचूदंशाचे मृत्यू एक टक्क्याच्या आसपास आले. पद्मश्री मिळायला २०२२ उजाडलं. आजही एखाद्या नव्या मुलाला ही गोळी माहीत असते ती त्याच्या सरांनी सांगितली म्हणून. कंपनीनं सांगितली म्हणून माहीत झालेला मला तरी भेटलेला नाही.

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग विषय निघाला तो निघणारच होता. २०२१ चा एप्रिल-मे, करोनाची दुसरी लाट. त्या दिवसांत लोक रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनासाठी रात्री-अपरात्री फिरत होते. चिठ्ठी हातात, मास्क हनुवटीवर, डोळ्यांत पाणी. मिळेल त्या भावानं घेत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत त्या औषधानं मृत्यू टळल्याचं दिसलं नव्हतं आणि ते सरसकट वापरू नका असं संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितलं होतं. काही पेशंटांना बरं व्हायला थोडे दिवस कमी लागत असतील, एवढंच. आणि ज्या औषधानं व्हेंटिलेटरवरच्या माणसांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी केले, ते डेक्सामेथासोन नावाचं जुनं स्टेरॉइड प्रत्येक मेडिकलच्या खालच्या खणात पडून होतं. इंग्लंडमधल्या रिकव्हरी चाचणीनं जून २०२० मध्येच ते दाखवलं होतं. त्याच्यासाठी कुणी रांग लावली नाही. नातेवाइकांना मी सांगायचो की जे लागतंय ते चालू आहे. त्यांना पटायचं नाही. एवढं स्वस्त औषध जीव वाचवतंय हे माणसाच्या मनाला रुचत नाही, आपल्या माणसासाठी आपण काहीच केलं नाही असं वाटत राहतं.

इथं एक सांगितलं पाहिजे. स्वस्त औषधाला राखणदारही नसतो. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता अशांनाही डेक्सामेथासोनच्या गोळ्या दिल्या गेल्या, घरी बसून, पंधरा-पंधरा दिवस. त्याच चाचणीत साफ दिसलं होतं की अशांना त्याचा फायदा नाही. साखर भडकली, आणि मग म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, पेशंट यायला लागले, गाल सुजलेले, एक डोळा मिटलेला. महाग औषध निदान मोजून दिलं जातं.

हृदयरोगतज्ज्ञानं एवढा वेळ ऐकून घेतलं होतं. मग तो उसळला. “सर, हे सगळं बरोबर, पण तुम्ही उगाच जुन्याची आरती ओवाळायलाय. प्राझोसिन काय आभाळातनं पडलं? बीपीसाठी कंपनीनंच काढलं ना? आज स्वस्त असलेलं प्रत्येक औषध एकदा महागच होतं. चंदगडकडचा माणूस छातीत दुखतंय म्हणून निघतो, बेळगाव जवळ म्हणून तिकडं जायचं का इकडं यायचं यात तास घालवतो. त्याला वाटेतच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं तर मला टेनेक्टेप्लेज लागतं, एका दमात देता येतं. स्ट्रेप्टोकायनेजची ड्रिप तासभर लावत बसू? आणि डापाग्लिफ्लोझिन?”

त्याचं म्हणणं मला मान्य करावं लागलं, आणि डापाग्लिफ्लोझिनबद्दल तर सगळंच. साखरेची गोळी म्हणून आली, २०१९ मध्ये कळलं की मधुमेह नसलेल्या हार्ट फेल्युअरलाही चालते, पुढच्या वर्षी किडनीसाठीही पुरावा आला. आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये भारतात पेटंट संपलं, तशी ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. माझ्या प्रॅक्टिसमध्ये गेल्या काही वर्षांत इतका फरक दुसऱ्या कुठल्या गोळीनं पाडला नाही. धाप लागून वरचेवर ॲडमिट होणारी माणसं आता शेतावर चक्कर मारून येतात.

पण तिच्याबरोबर काय सांगायचं, ते परत माझ्यावरच पडतं. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. आता नवरात्र घ्या. अंबाबाईच्या गावात नऊ दिवसांचे कडक उपवास करणाऱ्या बायका कमी नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच मधुमेही. पोटात अन्न नाही, इन्सुलिन खाली, गोळी मात्र चालू. शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात आम्ल साचतं. चौथ्या-पाचव्या दिवशी बाई उलट्या होतात, दम लागतो म्हणून येते. साखर तपासली तर एकशे ऐंशी. साखर बरी आहे म्हणून कुणी पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, तर बाई जिवानिशी जाऊ शकते. कीटोन, म्हणजे हीच चरबी जळून साचलेली आम्लं, बघायला पाहिजेत. त्या दिवशीच्या स्लाइडवर हे होतं, शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात, आणि नवरात्राचं नाव अर्थातच नव्हतं. मी आता चिठ्ठीवरच लाल पेनानं लिहितो: उपवासाला ही गोळी बंद. जेवायला लागलात की सुरू. घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात तर ओपीडीत माझी हीच कॅसेट वाजत असते.

सरांनी मात्र वाद सोडला नव्हता. ते म्हणाले, कंपन्या नवं आणतात हे खरं, पण कुठलं नवं आणतात ते बघ. रोज जन्मभर घ्यायच्या गोळीला सगळे धावतात. अँटिबायोटिक शोधणारा मात्र तोट्यात, कारण चांगलं नवं अँटिबायोटिक आलं की आपणच ते कपाटात कुलूप लावून ठेवतो, राखीव म्हणून. जंतूंवर कुठलं औषध चालतं ते सांगणाऱ्या कल्चरच्या रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत ‘रेझिस्टंट’ लिहून येतंय, तरी त्या बाजूला फार कुणी फिरकत नाही. चेन्नईच्या ऑर्किड कंपनीनं शोधलेल्या, अँटिबायोटिकच्या जोडीनं द्यायच्या एन्मेटाझोबॅक्टमला फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, याचा त्यांना फार अभिमान आहे. ते दर बैठकीत सांगतात. आणि टीबीचं प्रेटोमॅनिड? ते एका ना-नफा संस्थेनं तडीला नेलं.

टीबीचं उदाहरण निघालं ते बरं झालं. औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे पेशंट मी उमेदवारीच्या काळात पाहिले आहेत. दीड-दोन वर्षं उपचार, त्यात महिनोन्महिने रोज कुल्ल्यात इंजेक्शन. बसायला जागा राहायची नाही, आणि काहींचे कान जायचे. एक शिंपी होता. टीबी बरा झाला, पण मशीनचा आवाज येत नाही म्हणायचा. आता बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशी चार औषधांची सहा महिन्यांची तोंडी उपचारपद्धती आहे. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये ती राष्ट्रीय कार्यक्रमात घ्यायला मंजुरी दिली आणि पेशंटला ती फुकट मिळते. लिनेझोलिडनं पायांना मुंग्या येतात, रक्त उतरतं, लक्ष ठेवावं लागतं. तरीही हा खरा पल्ला आहे. यात विक्रीला कुणी दारात आलं नाही. टीबी सुपरवायझर मोटारसायकलवरून आला, तोही मेडिकल रिपच्याच थाटात, फक्त त्याच्या पिशवीत पेन आणि डायऱ्या नव्हत्या.

तेव्हा माझं म्हणणं नव्या-जुन्याचं नाहीच. औषध कुणाच्या खांद्यावर बसून येतं, त्यावर ते पेशंटपर्यंत पोचतं की नाही हे ठरतं, आणि काही गोष्टींना खांदाच मिळत नाही. त्यांतली सगळ्यात बेवारस गोष्ट म्हणजे औषध बंद करणं.

मागं एक आजोबा आले होते. साखर कारखान्यातून कधीच निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेली, कागलकडचे. तक्रार चक्कर येते, दोनदा न्हाणीत पडले. मुलानं कापड दुकानाची पिशवी टेबलावर उपडी केली. पट्ट्याच पट्ट्या. अर्ध्या कापलेल्या, रबर लावलेल्या, काहींच्या मागच्या चंदेरी कागदावर बॉलपेनानं ‘सकाळ’ लिहिलेलं. मी एकेक उचलून ओळीत मांडत गेलो. बीपीची टेल्मिसार्टन दोन नावांनी दोन वेळा, एक कोल्हापूरच्या डॉक्टरांचं, एक गावातल्या. पित्ताच्या गोळ्याही दोन. मग चक्करेसाठी सिनारिझिन, काही वर्षांपूर्वी कुणीतरी आठवड्यासाठी दिलेली, जी तेव्हापासून चालूच होती. हिच्यानं म्हाताऱ्या माणसाला हाताचा कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. तसा आला. तो पार्किन्सन समजून कंपाची गोळी सुरू झाली. कंपाच्या गोळीनं उभं राहिलं की बीपी पडतं. म्हणून चक्कर. म्हणून सिनारिझिन वाढवलेली. प्रत्येक डॉक्टरनं समोर दिसलं त्यावर उपचार केला होता, कुणाचंच तसं चुकलं नव्हतं, आणि आजोबा न्हाणीत पडत होते.

हे सगळं सोडवायला वेळ लागतो. एकदम बंद करता येत नाही, कुठली आधी, कुठली हळूहळू, हे ठरवावं लागतं, मुलाला समजवावं लागतं, बाकीच्या डॉक्टरांना फोन करावे लागतात आणि त्यांचा मानही ठेवावा लागतो. नवी गोळी लिहायला दोन मिनिटं पुरतात. फी तीच. बाहेर बाकावर गर्दी खोळंबलेली. आणि एवढं करून मी चिठ्ठी दिली, तेव्हा आजोबा तिच्याकडं बघत बसले. मग म्हणाले, “काय ओ डॉक्टर, एवढ्या गोळ्या काढलासा. म्हंजे आता आमचं काय खरं न्हाई व्हय?”

मुलगा हसला, मीही हसलो, पण आजोबा खरंच घाबरले होते. त्यांच्या लेखी गोळ्या कमी होणं म्हणजे डॉक्टरनं हात टेकणं. त्यांना एक व्हिटॅमिनची गोळी लिहून दिली तर समाधानानं गेले असते, हे मला ठाऊक होतं. लिहिली नाही. महिन्याभरानं स्वतः चालत आले, हाताची थरथर पुष्कळ उतरली होती, आणि पहिलं वाक्य होतं, “आता तरी एक ताकदीची गोळी द्या की.”

ताटं उचलली गेली तरी आम्ही उठलो नव्हतो. प्रायोजक कंपनीचा माणूस दोनदा येऊन आइस्क्रीम घेतलं का विचारून गेला. उठताना सरांनी मांडलं की अशी बैठक वेगळीच करू. कंपनी नको, स्लाइड नकोत. ज्याला बोलायचंय त्यानं एक तर विसरलेली स्वस्त गोष्ट आणायची, नाहीतर बंद केलेली गोळी. सकाळी, मिसळ खाता खाता. हृदयरोगतज्ज्ञानं विचारलं, “क्रेडिट पॉइंट?” सर म्हणाले, “पाव जादा मिळेल. पैसे ज्याचे त्यानं द्यायचे.”

पहिल्या खेपेला मॅडम मण्यारीवर बोलल्या. जमिनीवर झोपलेला माणूस, चावल्याची खूण सापडत नाही, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो आणि पापण्या मिटायला लागतात. पोटदुखी म्हणून सोनोग्राफीला पाठवलेले असे किती गेले असतील, यावर टेबल बराच वेळ गप्प होतं, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. हृदयरोगतज्ज्ञानं वहीत लिहून घेतलं. पुढची पाळी माझी आहे. मी पँटोप्राझोल ही पित्ताची गोळी विषय म्हणून घेतलीय, आठ आठवड्यांसाठी लिहिलेली गोळी आठ वर्षं कशी चालते यावर. आता झणझणीत कटाची वाटी पुढ्यात ठेवून पित्ताची गोळी बंद करा म्हणून सांगायचं, तेही अशा मंडळींना ज्यांच्यातल्या निम्म्यांच्या खिशात ती गोळी असते.